मंत्रचळ, भ्रमकारक, सायकेडेलिक : घरी कोणता शब्द वापरू?

लातूरची सून : माझ्या थोरल्या जाऊबाईंना ओसीडी आहे, म्हणजे तेच विचार अन् तीच कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हाही त्यांचं हात धुणं थांबत नव्हतं. घागर रिकामी झाली की रडायच्या, अन् तरी धुवायच्याच. गल्लीत म्हणायचे, ‘बाईला चळ भरलाय.’ सासूबाई म्हणतात, सोवळं जास्त आहे. आता पुतण्यानं या आजारासाठी सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा बदलणाऱ्या औषधाबद्दल वाचलंय. त्याला कुठंतरी ‘भ्रमकारक’ असं लिहिलेलं ऐकून सासूबाई घाबरल्या. आजाराला अन् औषधाला मराठीत काय म्हणावं?

परभणीकर : ताई, ओसीडीला ‘मंत्रचळ’ म्हणतात. मंत्र जपताना चूक झाली की डोकं फिरतं, ही त्यामागची समजूत. पुन्हापुन्हा करणं, चुकलं की पहिल्यापासून सुरू करणं, हे त्या शब्दानं नेमकं पकडलंय. पण दोष रुग्णाच्या माथी मारलाय, म्हणून मी तो वापरत नाही. ‘सोवळं’ तर मुळीच नको. सोवळं पाळून माणसाला समाधान मिळतं. जाऊबाईंना ते मिळत नाही. हात स्वच्छ आहेत हे बहुतेकदा कळत असतं, तरी सुटका नसते.

‘भ्रमकारक’ही चुकीचंच. सायकेडेलिक हा शब्द हम्फ्री ऑस्मंड या मनोविकारतज्ज्ञानं घडवला, 1957 मध्ये तो छापून आला. ग्रीकमध्ये ‘सायकी’ म्हणजे मन, ‘डेलोस’ म्हणजे उघड, स्पष्ट. मन उघड करणारं, एवढाच अर्थ. भ्रमाचा त्यात उल्लेखही नाही. मी ‘मनोदर्शक’ म्हणेन.

अंबाजोगाईची सिस्टर : ‘मनोदर्शक’ चांगला आहे, पण पुढं ‘उपचार’ जोडू नका, ‘चाचणी’ म्हणा. 2006 मध्ये ॲरिझोना विद्यापीठाच्या संशोधकांनी ओसीडीच्या 9 रुग्णांना सायलोसायबिन हे सायकेडेलिक दिलं होतं. काही भूछत्रांत असतं ते. लक्षणं काही काळ कमी झाली, पण 9 माणसांवरून औषध ठरत नाही. आपल्याकडे ते 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात येतं, म्हणून पुतण्याला कुठून मागवू देऊ नका. हात न धुता कळ काढायचा सराव तज्ज्ञांकडून शिकता येतो, गोळ्याही आहेत. आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

लातूरची सून : सिस्टर, पुतण्याला वाचून दाखवलं. जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तुम्ही काय म्हणाल? म्हणाल्या, ‘अडकणं म्हण. मी नळापाशी अडकते.’ सासूबाईंनाही ते लगेच कळलं.