थॅलियम टेस्टच्या आधी चहा खरंच पूर्ण बंद करायचा का?

मीनल_दादर
बाबांची परवा, शुक्रवारी सकाळी ९ ला परळला स्ट्रेस थॅलियम (हृदयावर ताण देऊन त्याचा रक्तपुरवठा फोटोत बघायची टेस्ट) आहे. गुडघ्यांमुळे ट्रेडमिलवर चालणं शक्य नाही, म्हणून इंजेक्शन देऊन करणार आहेत. कागदावर लिहिलंय, '२४ तास चहा-कॉफी बंद'. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, डेपोतल्या कटिंगची सवय अजून तशीच आहे. म्हणतात, "बिनदुधाचा अर्धा कप घेतला तर काय बिघडतं?" चहा चुकला की त्यांचं डोकं धरतं आणि मग सॅरिडॉन लागते. दम्यासाठी डेरिफायलिनही चालू आहे. त्याऐवजी ग्रीन टी चालेल का?

लालबागचा_परब
मला १२ तास सांगितले होते. रात्री जेवणानंतर काही घेतलं नाही, झालं काम. २४ जरा जास्तच वाटतात.

गामा_कॅमेरा
मी मुंबईतच न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्निशियन आहे. हा प्रश्न मला रोज ऐकायला मिळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मीनलताई, दुधाचा इथे काही संबंध नाही, मुद्दा कॅफिनचा आहे. इंजेक्शन अ‍ॅडेनोसिनचं असो की रेगाडेनोसनचं, ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरच्या ठरावीक जागी बसून त्या रुंद करतं. चांगल्या वाहिनीतून रक्त तिपटी-चौपटीने वाहायला लागतं. जिथे ब्लॉकेज आहे तिथे ते तेवढं वाढत नाही, तेवढ्या भागात फोटोसाठी दिलेलं किरणोत्सारी औषध कमी पोचतं आणि फोटोत तो भाग फिका दिसतो. आमची सगळी टेस्ट या फरकावर उभी आहे. कॅफिन नेमक्या त्याच जागा आधी अडवून बसतं, एसटीत रुमाल टाकून सीट अडवतात तसं. मग वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत, फरक पुसट होतो आणि असलेलं ब्लॉकेज लपू शकतं.

मला खरी काळजी याचीच वाटते. चहामुळे बिघडलेली टेस्ट बिघडलेली दिसत नाही. ती छान, स्वच्छ दिसते. रिपोर्ट नॉर्मल येतो, घरचे निश्चिंत होतात.

परबकाका, तुमचंही चूक नाही. किमान १२ तास हा नियम आहेच, पण बरीच सेंटर २४ सांगतात. अर्धं कॅफिन शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात, पण वय, लिव्हर, इतर औषधं यांनुसार ते खूप बदलतं. ज्याच्या कागदावर जे लिहिलंय ते त्याने पाळावं.

ग्रीन टी नको, त्यातही कॅफिन असतं. डीकॅफमध्येही थोडं उरतंच. कोला, चॉकलेट, बोर्नव्हिटा नको. सॅरिडॉनमध्ये तर कॅफिन घातलेलंच असतं, डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल चालते का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.

आता डेरिफायलिन. त्यातलं थिओफायलिन कॅफिनच्याच कुळातलं. इंजेक्शनचा त्रास झाला तर उतारा म्हणून आम्ही अमिनोफायलिन देतो, तेही त्याच घराण्यातलं. म्हणजे ती गोळी घेऊन येणं म्हणजे उतारा आधीच घेऊन येणं. पण स्वतःहून बंद करू नका. बाबांना दमा आहे हे आजच डिपार्टमेंटला फोन करून सांगा. या इंजेक्शनने दमा उसळू शकतो, त्यामुळे डॉक्टर कदाचित डोब्युटामिनवर करायचं ठरवतील. ते वेगळ्या पद्धतीने काम करतं.

मीनल_दादर
दम्याचं कोणी विचारलंच नव्हतं! आत्ता फोन केला. डॉक्टर स्वतः बोलले, आज संध्याकाळी फाइल घेऊन बोलावलंय. आणि बाबांनी खाली टपरीवर गुपचूप घेतलाच तर?

गामा_कॅमेरा
तर आत जायच्या आधी सांगायचं. कोणी ओरडत नाही, फार तर पुढची तारीख मिळते. फोटो दोन टप्प्यांत काढतात, अर्धा दिवस जातो. स्ट्रेसचा भाग झाला की बहुतेक वेळा चहा देता येतो, आमच्या माणसाला विचारून द्या. दम्याचा पंप आणि आधीचे ईसीजी, इको सोबत असू द्या.