मदत हवी आहे: मावशीला परत टीव्हीसमोर कसं बसवू?

नमस्कार मंडळी. शहापुरात आमच्या घरी रविवारी रात्री 'द शील्ड' ही अमेरिकन पोलीस मालिका चालू आहे. लॉस एंजेलिसमधला भ्रष्ट पोलीस विक मॅकी. 2002 ते 2008, एकूण 7 सीझन. पहिल्याच भागाच्या शेवटी तो आपल्याच टीममधल्या टेरीच्या तोंडावर गोळी झाडतो. मावशी ताट उचलून आत गेली ती गेलीच. मामा मात्र कुंद्याचा चमचा चाटत, "माणूस कामाचा आहे की!" आता तिसऱ्या सीझनला मलाही वाटतं, हा सापडू नये. मग स्वतःचीच लाज वाटते. तुमच्याकडेही असंच झालं का? मावशीला कुठला भाग दाखवू? शेवट तेवढा सांगू नका हं.