ओसिएत्स्कींसाठी चाललेल्या मोहिमेने नेमके काय साधले?

ऐलतीर (प्रश्न)

जर्मन शांततावादी पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांच्याविषयी सध्या वाचते आहे. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह धाब्यावर बसवून जर्मनी गुपचूप हवाई दल उभारत आहे, हे उघड करणारा लेख त्यांनी 1929 मध्ये आपल्या ‘डी वेल्टब्यूने’ या साप्ताहिकात छापला, आणि त्यापायी 1931 मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. डिसेंबर 1932 मध्ये ते सुटले. पण राइशस्टागला (जर्मन संसदभवनाला) आग लागली त्याच रात्री, 28 फेब्रुवारी 1933 च्या पहाटे, त्यांना पुन्हा अटक झाली आणि छळछावणीत धाडण्यात आले. देशोदेशींच्या लोकांनी त्यांच्यासाठी नोबेल शांतता पुरस्काराची मोहीम चालवली आणि पुरस्कार मिळालाही, तरी 4 मे 1938 रोजी बर्लिनच्या रुग्णालयात, पहाऱ्यातच, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. मग या मोहिमेचा त्यांना स्वतःला काही उपयोग झाला का, की बाहेरच्या गाजावाजामुळे नाझी राजवट अधिकच चिडली? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पारिजातक

मोहीम कशी चालली ते आधी पाहावे, कारण ‘गाजावाजा’ हा शब्द तिला लागू पडत नाही. तिची सूत्रे पॅरिसमधल्या मूठभर निर्वासित जर्मनांच्या हाती होती. जर्मन मानवाधिकार लीगचे हेल्मुट फॉन गेरलाख त्यांत प्रमुख होते, आणि ऑगस्ट 1935 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर बराचसा भार हिल्डे वाल्टर या पत्रकार बाईंनी उचलला. त्यांच्याकडे ना पैसा होता ना कुठल्या सरकारचे पाठबळ. 1934 चा पहिला प्रयत्न तर नामांकनाची मुदत उलटून गेल्यामुळेच वाया गेला. आइन्स्टाइन, टोमास मान आणि रोमाँ रोलाँ यांनी मोहिमेला पाठिंबा दिला होता. पण नामांकनाचा अधिकार खासदार, ठरावीक विषयांचे प्राध्यापक आणि शांतता पुरस्काराचे पूर्वीचे मानकरी अशा मोजक्यांनाच असतो. म्हणून नामवंतांच्या सह्यांवर विसंबून न राहता या मंडळींनी नॉर्वे, स्वीडन, स्वित्झर्लंड, फ्रान्स अशा देशांतल्या खासदारांना पत्रे लिहून आणि मध्यस्थ गाठून एकेक नामांकन मिळवले. ओसिएत्स्कींचे नाव कोणत्याही एका पक्षाचे निशाण ठरू नये, याबद्दल हिल्डे वाल्टर अतिशय दक्ष होत्या, कारण तसे झाले असते तर पुरस्कार ठरवणाऱ्या ऑस्लोतल्या समितीला हात झटकायला निमित्त मिळाले असते. ऑस्लोतले काम ज्यांनी केले, त्यांत विली ब्रांट नावाचा विशीतला निर्वासित तरुण होता. पुढे पश्चिम जर्मनीचे चान्सलर झाल्यावर 1971 मध्ये त्यांना स्वतःलाही हाच पुरस्कार मिळाला.

विरोधही कमी नव्हता. साहित्याचे नोबेल पूर्वीच मिळालेले नॉर्वेजियन लेखक क्नुट हामसुन यांनी नोव्हेंबर 1935 मध्ये छावणीतल्या या मुकाट कैद्यावर वृत्तपत्रातून हल्ला चढवला. ज्याला उत्तर देण्याची मुभाच नाही अशा माणसावर इतक्या मोठ्या लेखकाने लेखणी उगारावी, याचा मला आजही संताप येतो. 33 नॉर्वेजियन लेखकांनी त्याचा जाहीर निषेध केला. त्या वर्षी समितीने शांतता पुरस्कार कोणालाच दिला नाही, आणि 1935 साठी राखून ठेवलेला तो पुरस्कार अखेर 23 नोव्हेंबर 1936 रोजी ओसिएत्स्कींना जाहीर झाला.

निरंजन_वाचक

त्यांना स्वतःला उपयोग झाला का, या मुद्द्यावर लिहितो. 1935 च्या शरद ऋतूत आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे कार्ल बुर्कहार्ट एस्टरवेगेनच्या दलदलीतल्या छावणीत जाऊन त्यांना भेटले. बुर्कहार्टांच्या वर्णनानुसार समोर आला तो थरथरणारा, प्रेतासारखा पांढराफटक पडलेला माणूस होता. त्याचा एक डोळा सुजलेला होता, दात पाडलेले होते आणि मोडून वेडावाकडा जुळलेला पाय तो फरपटत होता. जगाचे लक्ष नसते तर हा माणूस त्या दलदलीतच संपला असता, असे माझे मत आहे. मे 1936 मध्ये, बर्लिन ऑलिंपिकला थोडेच महिने उरले असताना, त्यांना छावणीतून बर्लिनच्या पोलीस रुग्णालयात हलवण्यात आले, आणि नोव्हेंबरमध्ये, पुरस्कार जाहीर होण्याच्या थोडे आधी, कागदोपत्री त्यांची सुटकाही झाली. पहारा उठला नाही, हे खरे. तरीही त्यांना खाट मिळाली, औषधपाणी मिळाले आणि पत्नी जवळ असण्याची सोय झाली.

पुरस्कार नाकारावा म्हणून नाझी नेता ग्योरिंगने दबाव आणला. तो स्वीकारला तर आपण जर्मन समाजातून बाद ठराल, असे गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) बजावले. ते मत आपल्याला मान्य नाही, असे लेखी कळवून त्यांनी पुरस्कार स्वीकारला. ऑस्लोला जाऊ देण्यात आले नाही, आणि पुरस्काराच्या पैशांची अफरातफर त्यांच्याच वकिलाने केली. मात्र तो होकार त्यांचा स्वतःचा होता, आणि तो देण्याची संधी त्यांना या मोहिमेमुळेच मिळाली.

कृष्णाकाठ

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी किंमत कोणी मोजली हेही नोंदवायला हवे. जानेवारी 1937 मध्ये हिटलरने जर्मन नागरिकांना कोणतेही नोबेल स्वीकारण्यास बंदी घातली, आणि त्यामुळे कून, बुटेनांट व डोमाक या तीन शास्त्रज्ञांना पुढे आपले पुरस्कार नाकारावे लागले. नॉर्वेलाही झळ बसली. परराष्ट्रमंत्री कूट हे स्वतः समितीत होते. निर्णय सरकारचा समजला जाऊ नये म्हणून ते आणि माजी पंतप्रधान मोविंकेल या निर्णयातून बाजूला झाले, आणि 1937 पासून मंत्र्यांनी समितीत बसू नये असा नियम झाला. शिवाय असे उपाय दरवेळी लागू पडतातच असे नाही. 2010 मध्ये चीनच्या ल्यू श्याओबो यांना पुरस्कार मिळाला, तेव्हाही कुटुंबातले कोणी ऑस्लोला पोहोचू शकले नाही, आणि 2017 मध्ये कर्करोगाने ते कैदेतच गेले.

ऐलतीर

सर्वांचे मनापासून आभार. मी ‘सुटका झाली की नाही’ एवढाच निकष धरून चालले होते. छावणी आणि रुग्णालय यांतले अंतर माझ्या लक्षात आले नव्हते. हिल्डे वाल्टर यांच्या कामाबद्दल आणखी कोणाला माहिती असल्यास कृपया याच धाग्यावर लिहावी.