मेंदूला ‘मार’, ‘इजा’ की आणखी काही?

रंकाळेकर: दाजींच्या डिस्चार्जच्या कागदावर ‘कार्डियाक अरेस्ट, हायपॉक्सिक ब्रेन इंज्युरी’ असं लिहिलंय. त्यांच्या कारखान्यात रजेचा अर्ज मराठीत द्यायचाय. ‘हार्ट अटॅक, मेंदूला मार’ लिहावं तर ताई म्हणते, लोक विचारतील कुठं पडले? शेजारच्या काकू तर विचारूनच गेल्या, ‘हेल्मेट नव्हतं व्हय?’ ‘मेंदूवर परिणाम’ म्हटल्यावर ताई रडायलाच लागली. आपल्याकडं त्याचा अर्थ काय घेतात, माहितीच आहे. शब्द सुचवा.

वॉर्डातली_ताई: आधी ‘हार्ट अटॅक’ खोडा. अटॅकमध्ये हृदयाची रक्तवाहिनी तुंबते. माणूस घाम पुसत, बोलत दवाखान्यात येऊ शकतो. अरेस्टमध्ये हृदय थांबतंच, माणूस जागेवर कोसळतो. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू २० टक्के लागतो. रक्त थांबलं की ४-५ मिनिटांत पेशी मरायला लागतात. हा मार नाही, उपासमार आहे.

गडहिंग्लजकर: आमचा घात ‘झटका’ या शब्दानं केला. मामाला झटका आला, डॉक्टरनी झटका दिला, तिसऱ्या दिवशी झटके यायला लागले. पहिला हृदयाचा, दुसरा विजेचा, तिसरे हातापायांचे. मामीनं हे फोनवर एका दमात सांगितलं. थोरले मामा म्हणाले, ‘मग तो झटका बंद करायला सांग की!’

अण्णा_व्याकरण: ‘इजा’ अरबी आहे. ‘प्राणवायुअभावजन्य मेंदूआघात’ असे लिहावे.

गडहिंग्लजकर: अण्णा, हे वाचून साहेबालाच ऑक्सिजन लावायला लागंल. आणि आघात म्हटलं की लोकांना पक्षाघात वाटतो. ‘अर्ज’ अरबी, ‘रजा’ही अरबी. मग दाजींनी कामावरच जावं का?

वॉर्डातली_ताई: अरबी परवडलं, इंग्रजीची आद्याक्षरं नकोत. एका नातेवाइकांना मी सांगितलं, ‘पेशंटला दोनदा सीपीआर दिला.’ ते उखडले, ‘सीपीआरला कशाला दिला? हितंच ठेवा की!’ (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमचा सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय.) तेव्हापासून थांबलेलं हृदय चालवायच्या सीपीआरला मी ‘छाती दाबली’ एवढंच म्हणते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटीमीटर खोल.

रंकाळेकर: ‘शुद्धीवर आले का’ याचंही उत्तर देता येईना. डॉक्टर म्हणाले होते, ७२ तास तरी काही विचारू नका. पुढं डोळे उघडले, पण नजर आमच्यातून आरपार जायची. शुद्ध होती, भान नव्हतं. आता घरी आहेत. खासबागेतली जुनी कुस्ती डावासकट सांगतात, पण सकाळी चहा घेतला का ते आठवत नाही. ताईनं फ्रीजला वही टांगलीय. त्यात ते स्वतःच लिहितात, ‘चहा झाला, ७.१०’. साडेसातला परत चहा मागतात, वही दाखवली की आपलंच अक्षर बघून हसतात.

वॉर्डातली_ताई: नव्या आठवणी धरून ठेवणारा भाग हिप्पोकॅम्पस, प्राणवायू तुटला की त्याला फार लवकर झळ लागते. मूळ ग्रीक शब्द समुद्रघोड्याचा, आकारावरून. जुनं बरंचसं शाबूत राहतं म्हणून कुस्ती आठवते. वही सोडू नका. सुधारणा महिनोन्‌महिने चालते.

अण्णा_व्याकरण: ‘शुद्ध’ आणि ‘शोध’ एकाच शुध् धातूचे. ‘सीताशुद्धी’ म्हणजे सीतेचा शोध. म्हणजे शुद्धीवर येणे हे हरवलेल्याचा पत्ता लागणे. ‘भान’ मात्र ‘भा’पासून, प्रकाशणे.

पन्हाळ्याचा_पायथा: आमची आजी ‘सुद’ म्हणायची. ‘त्येला सुद न्हाई, तोंडावर पानी मारा.’

अण्णा_व्याकरण: लिहिताना ‘सूद’. अकारान्त शब्दाचा उपान्त्य उकार दीर्घ.

पन्हाळ्याचा_पायथा: आजीच्या तोंडात ऱ्हस्वच होता. मी तसाच लिहिणार.

गडहिंग्लजकर: दीर्घ केला तर व्याज वाटंल. ‘दाजींना सूद आली’ म्हटल्यावर कारखाना पगारातनं कापून घेईल.

रंकाळेकर: मंडळी, अर्ज उद्या ११ वाजता द्यायचाय. तूर्त ‘हृदय बंद पडल्याने मेंदूला इजा’ असं लिहिलंय. चालेल का?

अण्णा_व्याकरण: व्याजाचा ‘सूद’ फारसी. त्याचा इथे काही संबंध नाही.