डिपॉझिटमधून रंगाचे पैसे: कापणं रास्त की मनमानी?

खिळेमोड:
भाडेकरू घर सोडतो आणि ‘पूर्ण घराचा रंग’ म्हणून डिपॉझिटमधून एकगठ्ठा रक्कम कापली जाते. हे मला साफ नामंजूर. उन्हाने विटलेला रंग, कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक, कपाटामागचा पुसट पट्टा ही वापराची झीज. तिचे पैसे भाड्यातच आले. खरंच नुकसान झालं असेल तरी वय वजा करा. रंग ५ वर्षं टिकतो असं धरलं आणि नवा रंग दिलेल्या घरात माणूस ३ वर्षं राहिला, तर खराब केलेल्या भिंतीचे फार तर ४० टक्के मागता येतील. घर घेतानाच रंग ५ वर्षांचा असेल तर शून्य.

उंबरठा:
शून्य कसं? रॉलप्लगची डझनभर भोकं पाडली तर पुट्टी भरा, वाळू द्या, घासा, प्रायमर मारा, हे काम रंग जुना होता म्हणून टळत नाही. तेवढ्याच जागी रंग लावला तर ठिगळ दिसतं, म्हणून अख्खी भिंत घ्यावी लागते. आणि करारात ‘रंगवून परत द्यावे’ लिहिलंय, त्यावर सही कोणाची?

खिळेमोड:
भोकं बुजवण्याचं मान्य, माझं ‘शून्य’ फक्त रंगापुरतं. भिंतही या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकच धरा. बाकीच्या खोल्या कुठून आल्या? करारातल्या अटीचा मुद्दा मात्र वजनदार आहे. ती सही करण्याआधीच खोडून घ्यायची असते.

ओली भिंत:
रंगावरच अडकलात. खरी भांडणं ओलीवर होतात. सिंकखालचं प्लाय फुगलं, तर गळती कळवली होती का, एवढंच बघा. कळवूनही मालकाने प्लंबर पाठवला नाही तर खर्च त्याचा. महिनोन्महिने खाली बादली ठेवून गप्प बसलात तर तुमचा. भिंतीतला पाइप फुटला तर मालक, नाली केसांनी तुंबली तर भाडेकरू. क्षार साचून गीझरची कॉइल गेली, तर ती झीज.

पावती दाखवा:
हे सगळं सिद्ध कशाने करणार? सामान हलवल्यावर, पण रंगारी यायच्या आधी, दोघांनी दिवसाउजेडी घर फिरून यादीवर सह्या करायच्या. प्रत्येक डागाचे दोन फोटो: एक लांबून, खोली ओळखू येईल असा, दुसरा जवळून, शेजारी नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. मीटरचं रीडिंग आणि किल्ल्यांची संख्याही. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्यातली मूळ तारखेची माहिती गळते; मूळ फाइल जपा आणि त्याच दिवशी ईमेल करा. घर घेतानाचे असेच फोटो नसतील तर निम्मी बाजू तिथेच गेली.

कपात झाली की लेखी विचारा: कुठली वस्तू, किती जुनी, काय काम, बिल कुठे. उत्तराला ठरावीक मुदत द्या. ‘किरकोळ दुरुस्ती’ या शब्दावर एक पैसाही सोडू नका.

उंबरठा:
बिलच हवं हा हट्ट चुकीचा. मालकाने लगेच काम केलं नाही म्हणून नुकसान नाहीसं होत नाही. कोटेशनही चालावं.

पावती दाखवा:
चालेल, पण दोन वेगवेगळ्या ठिकाणचं, आणि मोजमापासह. ‘रंगकाम, एकूण’ एवढीच ओळ असलेलं कोटेशन म्हणजे मनातला आकडा लेटरहेडवर.

खिळेमोड:
यापेक्षा शेवटच्या महिन्याचं भाडंच देऊ नये, डिपॉझिटमधून वळतं करा म्हणावं.

उंबरठा:
जरूर करा! म्हणजे थकबाकीदार तुम्ही, आणि मालकाच्या हाती आयतं कारण.

पावती दाखवा:
इथे उंबरठा यांच्याशी सहमत. भाडं वेळेवर भरा. उरलेलं डिपॉझिट देताना ‘पूर्ण व अंतिम, तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतात, तिथेच बरेचजण घसरतात. रक्कम घ्या, पण पावतीवर ‘कपात मान्य नाही, अंशतः रक्कम मिळाली’ असं स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढूनच कागद परत द्या.