विषय: ७ किलोच्या कंदिलांचं ३४ किलोचं बिल (तातडीचं)

नमस्कार मंडळी,
उद्या पुण्यातली दुकानं उघडायच्या आत उत्तर हवंय. आपल्या मंडळाच्या दिवाळीसाठी बोहरी आळीतून घेतलेले १२ कंदील इथे अमेरिकेला पाठवायला बाबांनी एका खोक्यात भरून कुरियरच्या ऑफिसात नेले. वजन ७ किलो. काट्यावरचा आकडा मी स्वतः व्हिडिओ कॉलवर पाहिला. बिल मात्र ३४ किलोचं! किलोला ६५० म्हणजे २२,१०० रुपये. कंदील सगळे मिळून साडेचार हजारांचे. बाबा खोकं तिथेच ठेवून रिक्षाने घरी आलेत. या वयात त्यांनी काउंटरवर भांडायचं का? ही फसवणूक नाही तर काय?
– मंजिरी, सजावट

---

मंजिरी,
फसवलेलं नाही. बाबांना भांडायला लावू नकोस. मी २६ वर्षं मालवाहतुकीत काढली, म्हणून सांगतो. विमानात वजनाआधी जागा संपते. त्यामुळे प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त, त्याचं बिल होतं. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. म्हणजे दर ५ लिटर जागेला १ किलो. कंदील म्हणजे काड्या, कागद आणि आत हवा. पैसे त्या हवेचे.

खोकं कोणत्या मापाचं आहे? ३४ आलेत म्हणजे पोट फुगलेलं असणार. मोजायची टेप सगळ्यात फुगीर जागी लावतात.
– श्रीकांत

---

काका, खोक्यावर ६० × ५० × ५० छापलंय. म्हणजे ३० च ना?

बाबांना फोन केला. कंदील हलू नयेत म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचे बोळे ठासून भरले होते, झाकण गुडघ्याने दाबून टेप लावली. कुरियरवाल्याने ६२, ५२, ५२ मोजलं.
– मंजिरी

---

६२ × ५२ × ५२ = १,६७,६४८. भागिले ५००० = ३३.५, वर ओढून ३४. दोन-दोन सेंटीमीटरच्या फुगवट्याचे ४ किलो, म्हणजे २,६०० रुपये. बोळे काढा.

इथे अमेरिकेतही तेच चालतं. फेडेक्स आणि यूपीएस ऑगस्ट २०२५ पासून इंचाचा अपूर्णांक थेट पुढच्या पूर्ण इंचावर नेतात. सव्वाबारा इंच म्हणजे तेरा.
– श्रीकांत

---

सर्वांना नमस्कार,
वरची चर्चा वाचली. ग्रंथालयाचे ४५ दिवाळी अंक अप्पा बळवंत चौकातून ऑक्टोबरच्या मध्यावर निघतील, त्यांच्या खोक्यात कंदील घालायचा विचार कोणी करत असेल तर आत्ताच नाही म्हणते. मागे एकदा ‘जागा आहे’ म्हणून जिलेटिनचे कंदील घातले होते. वाटेत ओल लागली आणि लाल रंग सहा अंकांच्या मुखपृष्ठांवर उतरला. ते सहा अंक अजून तसेच कपाटात आहेत, कोणी नेत नाही.

आमचं खोकं ४० × ३० × २५, म्हणजे मापाने फक्त ६ किलो. अंक १८ किलो भरतात, बिल १८ चंच येतं. अंकांत हवा नसते.
– अरुंधती, ग्रंथालय

---

अरुंधतीताई, उलट करून पाहा. अंकांच्या खोक्यात कंदील नकोत, कंदिलांच्या खोक्यात तळाला अंक घालू. वेगवेगळं पाठवलं तर ३० अधिक १८, ४८ किलोचं बिल. ६० × ५० च्या तळावर एका थरात सहा अंक बसतात, ४५ अंकांचे आठ थर, सुमारे १० सेंटीमीटर. खोकं ६० × ५० × ६० झालं तरी ३६ किलो. १२ किलो वाचले, ७,८०० रुपये.
– श्रीकांत

---

श्रीकांतराव, गणित बरोबर आहे. पण वाटेत खोकं उलटं होणार नाही याची हमी कोण देतं? १८ किलो कागद कंदिलांवर आला की चुरा होईल आणि अंकांचे कोपरे दुमडतील. वर्षभर ते अंक ४५ घरांत फिरतात. ग्रंथालयाचं खोकं वेगळंच जाईल.
– अरुंधती

---

अंकांवरून आठवलं, रोचेस्टर आणि डुलुथच्या सभासदांना अंक मीडिया मेलने, म्हणजे इथल्या टपाल खात्याच्या पुस्तकांसाठीच्या सेवेने, का पाठवत नाही आपण? तिथे दर मापावर नाही, फक्त वजनावर ठरतो, ७० पौंडांपर्यंत चालतं. माझी मुलगी कॉलेजची पुस्तकं तशीच मागवते.
– सुहास

---

सुहास, पुस्तकांना चालतं, अंकांना नाही. जाहिराती असलेली मासिकं मीडिया मेलमध्ये बसत नाहीत, आणि टपाल खात्याला ते पाकीट उघडून बघायचा अधिकार आहे. दिवाळी अंकात पहिली दहा पानं सोनार आणि बिल्डरच असतात. म्हणून मी ते साध्या पार्सलने पाठवते.
– अरुंधती

---

मंजिरीताई,
३० किलोचं बिल भरणारच असू तर ७ वरून ३० पर्यंतची २३ किलोची जागा रिकामी का घालवायची? पथकाचे २० फेटे नारायण पेठेत मित्राकडे पडलेत, ८ किलो. बोळ्यांऐवजी फेटे भरा. कापड मऊ असतं, काड्यांना धक्का लागणार नाही आणि खोकं फुगणारही नाही. पथकाने दोनदा बजेटमध्ये फेटे मागितले, दोन्ही वेळा पुढे ढकललं गेलं.
– निखिल, ढोल-ताशा

---

निखिल, फेटे ढकलले नव्हते, कोटेशन आलं नव्हतं. कल्पना मात्र चांगली आहे.

पण सजावटीचं एकूण बजेट ३०० डॉलर आहे. ३० किलो म्हणजे १९,५०० रुपये, त्यात मंडप आणि पणत्या कुठून आणू? शिवाय २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरच्या आतली पार्सलंही करमुक्त राहिलेली नाहीत. त्यामुळे इनव्हॉइसवर कंदील, कापड, छापील अंक अशा वेगळ्या ओळी हव्यात. छापील अंकांचा आणि कापडाचा दर एक नाही. ‘दिवाळीचं सामान’ असं मोघम लिहू नका.

कंदील न बांधता मागवता येणार नाहीत का? काड्या, कागद आणि झिरमिळ्या सुट्या.
– स्मिता, खजिनदार

---

स्मिता, सुटे मागवले तर ५० कंदिलांचं सामान ६० × ४० × १५ मध्ये बसतं, मापाने ७.२ किलो. मला माहीत आहे. पण मागच्या वेळी कार्यशाळेत २२ मुलांपैकी पाच जणांचे कंदील पूर्ण झाले, बाकीचे मी आणि माईमावशींनी रात्री दीडपर्यंत चिकटवले. यंदा लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे, शनिवारी हॉल मिळत नाही. तयार कंदीलच हवेत.
– मंजिरी

---

मी इथे फारशी लिहीत नाही, पण माझे सासू-सासरे १९ ऑक्टोबरला पुण्याहून येतायत. दोघांच्या मिळून चार बॅगा, २३-२३ किलोच्या. एक बॅग मोकळी आहे. तिच्याऐवजी खोकं चालेल का?
– वैशाली

---

वैशाली, चालेल. विमान कंपन्या चेक-इनच्या सामानाला भागाकार लावत नाहीत. वजन २३ किलोच्या आत आणि तिन्ही बाजूंची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत, एवढंच बघतात. पण मंजिरीचं खोकं ६० + ५० + ५०, म्हणजे १६०. दोन सेंटीमीटर जास्त. फुगलं तर आणखी.
– श्रीकांत

---

वैशाली, तुझे आणि तुझ्या सासूबाईंचे मनापासून आभार! बाबांनी कुरियरच्या ऑफिसातून खोकं परत आणलं. झिरमिळ्या सोडवून तळाशी सपाट अंथरल्या, त्यामुळे वरचे कंदील खाली बसले. खोकं कापून ६० × ४८ × ४८ केलं, बेरीज १५६, फुगायला दोन सेंटीमीटर ठेवले. खोक्यासकट कंदील ७, फेटे ८, एकूण पंधरा किलो.

निखिल, फेटे शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत बाबांकडे पोचव. घडी सैल ठेव, घट्ट गुंडाळ्या नकोत.

अरुंधतीताई, अंकांचं खोकं तुमचं तुम्ही वेगळं पाठवा, फक्त झाकणावर टेप लावायच्या आधी एकदा माप घ्यायला सांगा.
– मंजिरी