यूएसडीए लोन: आईबाबांचं उत्पन्न धरतात का? मदत हवी आहे

आम्ही आयोवात, मॅडिसन काउंटीतल्या विंटरसेटजवळ घर बघतोय, यूएसडीएचं (अमेरिकेच्या कृषी खात्याचं) ५०२ गॅरंटीड लोन, म्हणजे ग्रामीण भागातल्या घरासाठी सरकारी हमीचं कर्ज, घ्यायचंय कारण डाऊन पेमेंट लागत नाही. पत्ता त्यांच्या मॅपवर टाकून बघितला, एलिजिबल दाखवतोय. मी आणि बायको दोघंही ग्रीन कार्डवर, क्रेडिट चांगलं आहे, मुलं दोन. अडलंय ते उत्पन्नाच्या लिमिटवर. घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांचं उत्पन्न धरतात, लोनवर नाव नसलं तरी, हे माहितीये. पण आईबाबा (त्यांचंही ग्रीन कार्ड आहे) वर्षातले सहा-सात महिने आमच्याकडे आणि बाकी साताऱ्याला असतात, बाबांना महाराष्ट्र सरकारची पेन्शन आहे, ती तिकडच्याच बँकेत रुपयांत जमा होते. एक लेंडर म्हणतो पूर्ण धरणार, दुसरा म्हणतो ते कायमचे राहत नाहीत तर दाखवूच नका. मला काही लपवायचं नाहीये, नंतर अंडररायटिंगमध्ये (लेंडरच्या अंतिम तपासणीत) अडकलं तर घर हातचं जाईल. शिवाय त्यांना धरलं तर आम्ही सहा जण होतो आणि पाच ते आठ जणांचं लिमिट वरचं असतं, म्हणजे कदाचित फायदाच.

एफएचए (दुसरं सरकारी हमीचं गृहकर्ज) सुचवू नका प्लीज, त्याचे साडेतीन टक्के डाऊन पेमेंट सध्या जमणार नाहीत.

असे ये-जा करणारे आईबाबा कुणी हाउसहोल्डमध्ये दाखवलेत का, आणि भारतातल्या पेन्शनचे नेमके कुठले कागद मागितले?